जनुके, परिस्थिती आणि हिंजवडीतील तरुण मन

हिंजवडी : एखाद्या तरुण मुलाला वा मुलीला मानसिक आजार असल्याचे निदान झाले, की दोन प्रश्न हमखास पुढे येतात. मनोविकारतज्ज्ञ विचारतात, ‘घरात यापूर्वी कुणाला असा त्रास होता का?’ नातेवाईक विचारतात, ‘कामाचा ताण फार होता का?’ पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना घरातली माणसे चाचरतात. धाकट्या बहिणीचे लग्न अद्याप व्हायचे असते. चुलत्याच्या आजाराविषयी घरात कधी मोकळेपणाने बोललेच गेलेले नसते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तत्काळ ‘हो’ असे येते. नोकरी, वरिष्ठ, रात्रपाळी, मोबाइल यांच्यावर दोष ठेवला की घराण्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

नोकरी देणाऱ्यांची सोय नेमकी याच्या उलट असते. आजार ‘मुळातच होता’ असे ठरले, तर कामाच्या तासांची आणि मध्यरात्रीच्या बैठकांची चर्चा करावी लागत नाही. ‘जनुके की परिस्थिती’ हा प्रश्न वरकरणी शास्त्रीय वाटतो. पण त्याचे उत्तर पुष्कळदा ते कोणाच्या सोयीचे आहे यावर ठरते. संशोधकांनी मात्र या प्रश्नातील ‘की’ केव्हाच बाजूला ठेवला आहे. त्याऐवजी त्यांनी जे मांडले आहे, ते समजून घेणे हिंजवडीतील मुलामुलींच्या आणि त्यांच्या गावाकडच्या आईवडिलांच्या अधिक उपयोगाचे आहे.

वय आणि ठिकाण यांची गाठ

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत भातखाचरांसाठी आणि म्हातोबाच्या यात्रेतील बगाडासाठी पंचक्रोशीत ओळखले जात होते. एमआयडीसीने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क उभारले आणि हिंजवडी, माण, मारुंजीच्या शिवारांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आज विदर्भ, मराठवाडा, खानदेशापासून बिहार, केरळपर्यंतची मुले वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी येथे येतात. पीजीमध्ये किंवा ‘कॉट बेसिस’वर राहतात. शेजारच्या कॉटवर कोण झोपतो हे अनेकांना पहिले काही आठवडे नावापलीकडे ठाऊक नसते. पाळ्याच वेगळ्या असतात.

नेमके हेच वय मानसिक आजारांच्या आरंभाचेही आहे. जगभरातील १९२ अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे दिसले, की मानसिक आजार झालेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के जणांत त्याची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापूर्वी, ४८ टक्के जणांत अठराव्या वर्षापूर्वी आणि ६२ टक्क्यांहून अधिक जणांत पंचविसाव्या वर्षापूर्वी झाली होती. याचा अर्थ असा, की हिंजवडीत पहिल्या पगाराच्या सुमारास प्रकट झालेल्या आजाराची पहिली चिन्हे पुष्कळदा नववी-दहावीतच उमटून गेलेली असतात आणि ‘वयच तसे आहे’ म्हणून ती सोडून दिलेली असतात. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, आणि बायपोलर आजार मात्र बहुधा विशीच्या आसपासच उघड होतात. नोकरी लागणे आणि आजार सुरू होणे एकाच वर्षी घडले, एवढ्यावरून नोकरीने आजार दिला असे म्हणता येत नाही. नोकरीचा त्यात काहीच वाटा नाही, असेही त्यावरून सिद्ध होत नाही.

‘८० टक्के आनुवंशिक’ म्हणजे काय?

एकसारख्या जुळ्यांची तुलना वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांशी करून आनुवंशिकतेचे प्रमाण काढण्याची पद्धत जुनी आहे. या अभ्यासांनुसार छिन्नमनस्कतेची आनुवंशिकता ८० टक्क्यांच्या आसपास, बायपोलर आजाराचीही त्याच्या जवळपास, तर नैराश्याची सुमारे ३७ टक्के मानली जाते. चिंताविकारांची ३० ते ४० टक्क्यांच्या घरात येते. आकडे खरे आहेत. पण त्यांचा लावला जाणारा अर्थ बहुतांश वेळा चुकीचा असतो.

‘८० टक्के’ याचा अर्थ आजारी व्यक्तीच्या मुलाला आजार होण्याची शक्यता ८० टक्के, असा नव्हे. छिन्नमनस्कता सर्वसामान्यपणे शंभरात जेमतेम एकाला होते. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला तो आजार असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांच्या आसपास जाते. धोका वाढतो हे खरे; तरी दहातील नऊ मुलांना आजार होत नाही. जनुके तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांतही एकाला आजार झाला, तर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपासच राहते. आणि बहुसंख्य रुग्णांच्या आईवडिलांपैकी कोणालाच हा आजार नसतो. घराणे पाहून सोयरीक मोडणाऱ्यांनी ही शेवटची बाब विशेष लक्षात घ्यावी.

तर मग हा आकडा सांगतो तरी काय? अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७० मध्ये मक्याच्या बियाण्याचे उदाहरण देऊन ते स्पष्ट केले होते. मुळशीकरांना ते आंबेमोहोराच्या भाषेत अधिक लवकर कळेल. मिसळीचे बियाणे एकाच भिजलेल्या, सकस खाचरात टाकले, तर कोणते रोप उंच आणि कोणते ठेंगणे हे जवळजवळ सर्वस्वी बियाण्यावर ठरेल. कारण जमीन आणि पाणी सर्वांना सारखेच आहे. तेच बियाणे मुरमाड माळावर टाकले, तर तेथेही रोपारोपांतला फरक बियाण्याचाच असेल. पण खाचरातले पीक आणि माळावरचे पीक यांतील फरक? तो निखालस जमिनीचा. आनुवंशिकतेचा आकडा एका खाचरातल्या रोपांमधील फरकाविषयी असतो. संपूर्ण पीक का सुकले, हे तो सांगत नाही. एखाद्या रोपाविषयी तर तो काहीच सांगत नाही.

हिंजवडीपुरते हे उदाहरण निव्वळ कल्पनेतले नाही. ज्यांच्या खाचरांवर पार्क उभे राहिले, त्या कुटुंबांतील तरुणही याच परिसरात राहतात. जमिनीचा मोबदला आला, घरे चढली, गाड्या आल्या. ज्या कामासाठी मुलगे वाढवले गेले ते काम मात्र नाहीसे झाले. प्रवीण तरडे यांच्या २०१८ मधील ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने या उलथापालथीची गुन्हेगारीकडे झुकणारी बाजू गाजवली. तिची दुसरी, मनाच्या आजाराकडे झुकणारी बाजू पडद्यावर दाखवायला तितकी सोपी नाही. परंतु एक गोष्ट गणिताइतकी स्वच्छ आहे. एका पिढीत कोणत्याही घराण्याची जनुके बदलत नाहीत. आजोबांच्या आणि नातवाच्या मनःस्वास्थ्यात जर एखाद्या गावभर फरक पडला असेल, तर त्याचे कारण गावाच्या परिस्थितीतच शोधावे लागते.

सापडलेले आणि हरवलेले जनुक

परिस्थिती आणि जनुके एकमेकांवर कशी क्रिया करतात, याचे एक अत्यंत आकर्षक उत्तर २००३ मध्ये मिळाले होते. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास तेथील संशोधक जन्मापासून करत आले आहेत. अव्शालोम कॅस्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी त्या मुलांतील सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाशी संबंधित एका जनुकाची तपासणी केली. या जनुकाची ‘आखूड’ आवृत्ती असलेल्यांना आयुष्यात मोठे आघात सोसावे लागले, तर नैराश्य येण्याचे प्रमाण अधिक. आघातच नसतील तर फरक नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. वृत्तपत्रांनी ‘नैराश्याचे जनुक’ म्हणून त्याला डोक्यावर घेतले. पुढील दशकभर त्यावर शेकडो शोधनिबंध निघाले.

अडचण पुढे आली. मोठ्या संख्येने माणसे तपासली जाऊ लागली, तसतसा हा संबंध विरत गेला. २०१९ मध्ये लाखो व्यक्तींच्या माहितीवर झालेल्या विश्लेषणात नैराश्याशी जोडल्या गेलेल्या अशा अठरा ‘प्रसिद्ध’ जनुकांची फेरतपासणी झाली. यदृच्छया निवडलेल्या कोणत्याही इतर जनुकांपेक्षा ती अधिक महत्त्वाची ठरली नाहीत. विज्ञानाच्या दृष्टीने हा पराभव नव्हे. स्वतःचे गाजलेले निष्कर्ष खोडण्याची तयारी ठेवणे हीच त्याची रीत आहे. मात्र खोडून काढलेल्या बातमीला पहिल्या बातमीइतकी जागा क्वचितच मिळते. म्हणून आजही ‘अमुक जनुक असले की नैराश्य’ असे ठामपणे सांगणारे सापडतात.

आताचे चित्र निराळे आहे. छिन्नमनस्कतेचे सुमारे ७७ हजार रुग्ण आणि २ लाख ४३ हजारांवर इतर व्यक्ती यांची तुलना करणारा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आजाराशी संबंध असलेल्या २८७ जागा जनुकसंचात आढळल्या. प्रत्येक जागेचा वाटा अत्यल्प. म्हणजे ‘वेडाचे जनुक’ असे काही नसते. हजारो बारीक फरकांची बेरीज असते आणि ती थोड्याफार प्रमाणात प्रत्येकातच असते. या बेरजेवरून ‘जोखीम गुण’ काढून देणाऱ्या चाचण्या आता विकल्या जातात. थुंकीचा नमुना पाठवून मुलाचे भविष्य जाणू पाहणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात घ्यावे, की अशा अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी फार मोठा हिस्सा युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. तेथे बेतलेला हिशेब भारतीयांना लावला, की त्याची अचूकता घटते. मुळात युरोपीयांबाबतही एखाद्या व्यक्तीविषयी निदान करण्याइतका तो अचूक नाही. तुलनेत पत्रिका स्वस्त पडते.

पुण्याजवळच्या सहा गावांचा धडा

‘परिस्थिती’ म्हटले की ऑफिस, घर, शाळा डोळ्यांपुढे येते. परंतु परिस्थिती जन्माआधीच सुरू होते, हे दाखवणारे महत्त्वाचे काम पुण्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. हेतू मधुमेहाची मुळे शोधण्याचा होता. त्यातून जन्मलेल्या मुलांना संशोधकांनी वर्षानुवर्षे सोडले नाही. या मातांमध्ये बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली; शाकाहार आणि दूधदुभत्याची अल्पता ही त्याची ओळखीची कारणे. मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या काही चाचण्या घेण्यात आल्या. गर्भारपणात बी-१२ कमी असलेल्या मातांची मुले लक्ष केंद्रित करण्याच्या आणि तात्पुरते लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नोंदवले गेले.

पुढे याच समूहातील मुली वयात आल्यावर, गर्भधारणेच्या आधीपासून त्यांना बी-१२ देण्याचा प्रयोग २०१२ पासून करण्यात आला. केवळ बी-१२ मिळालेल्या गटातील मातांची बाळे आकलन आणि भाषा यांत सरस असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. लक्ष आणि भाषा म्हणजे मानसिक आजार नव्हे, हे येथे स्पष्ट करायला हवे. तथापि नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात आणि चीनमधील १९५९-६१ च्या दुष्काळात गर्भात असलेल्या मुलांमध्ये पुढे छिन्नमनस्कतेचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले होते. आईचे ताट हीसुद्धा मुलाच्या मेंदूची परिस्थिती असते. तिच्या पोटातून आले म्हणून ते ‘रक्तातले’ ठरत नाही.

उलट बाजूही आहे. जी गोष्ट परिस्थिती वाटते, तिच्यात जनुके दडलेली असू शकतात. आइसलँडमधील २०१८ च्या एका अभ्यासाने दाखवले, की आईवडिलांची जी जनुके मुलाला मिळालेलीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणावर परिणाम होतो. कारण ती जनुके आईवडिलांच्या स्वभावातून घराचे वातावरण घडवतात. सतत धास्तावलेल्या आईचे मूल तिच्याकडून जनुकेही घेते आणि धास्तावलेले घरही. यातले किती कशाचे, हे त्या एका मुलापुरते वेगळे काढता येत नाही. चहातले दूध आणि पाणी वेगळे करण्यासारखेच ते आहे.

रात्रपाळी, एकटेपणा, गांजा

एकत्र क्रिया म्हणजे काय, याचे हिंजवडीला लागू पडणारे सर्वांत स्पष्ट उदाहरण झोपेचे आहे. बायपोलर आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्याच आजारात झोपमोड हे उन्मादाचा झटका येण्याचे सुपरिचित निमित्त आहे. अमेरिकेतील ग्राहकाच्या वेळेनुसार सलग रात्री जागणाऱ्या दहा सहकाऱ्यांपैकी नऊ जण दमतील, चिडचिडे होतील, सुटीच्या दिवशी झोप भरून काढतील. दहाव्याला तीन रात्री झोपेची गरजच भासणार नाही. कल्पना सुचत राहतील, पैसे उधळले जातील. सहकाऱ्यांना तो उत्साही वाटेल, वरिष्ठांना कदाचित कामसूही. पाळी तीच, जनुके वेगळी. पाळी बदलली असती तर झटका कदाचित आला नसता, हेही तितकेच खरे.

नैराश्य आणि चिंता यांच्यात परिस्थितीचा वाटा आणखी मोठा आहे. पाळीत काम करणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे अधिक आढळतात, असे अनेक देशांतील अभ्यासांची गोळाबेरीज सांगते. हिंजवडीत त्यात भर पडते ती भूमकर चौकातील आणि शिवाजी चौकातील कोंडीत रोज जाणाऱ्या वेळेची. कोंडीचा उपाय म्हणून आखलेल्या माण ते शिवाजीनगर मेट्रोमार्गाची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. त्या वर्षी येथे रुजू झालेली मुले आज तिशीकडे झुकली आहेत.

गाव सोडून आल्याचा परिणाम मात्र जपून मांडावा लागतो. नॉर्वेतून अमेरिकेच्या मिनेसोटात स्थलांतर केलेल्यांमध्ये छिन्नमनस्कता अधिक आढळते, असे ओर्नुल्फ ओडेगार्ड यांनी १९३२ मध्येच दाखवले. मुळात कल असलेलेच देश सोडतात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. पुढे युरोपात स्थलांतरितांच्या तेथेच जन्मलेल्या मुलांतही प्रमाण अधिक दिसल्याने ते अपुरे ठरले. बहिष्कृतपणा आणि एकटेपणा यांच्याकडे लक्ष वळले. युरोपातील मोठ्या शहरांत वाढलेल्यांनाही हा धोका अधिक असतो. विकसनशील देशांत शहर आणि आजार यांचा असा सरळ संबंध मात्र आढळलेला नाही. लातूरहून हिंजवडीला येणे म्हणजे परदेशी जाणे नव्हे. रविवारी डबा घेऊन येणारा मामा पिंपरीत असेल, तर फरक पडतोच.

गांजाविषयी एवढी सावधगिरी बाळगण्याचे कारण नाही. किशोरवयापासून नियमित आणि तीव्र गांजा ओढणाऱ्यांत भ्रम-भासाच्या आजाराचा धोका वाढतो आणि घरात असा आजार असणाऱ्यांनी त्यापासून दूर राहावे, यावर तज्ज्ञांचे फारसे दुमत नाही.

महाराष्ट्र गैरहजर

भारतीय तरुणांतील जनुके आणि परिस्थिती यांचा एकत्रित अभ्यास बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या पुढाकाराने सुरू आहे. ६ ते २३ वर्षे वयाच्या हजारो मुलांचा त्यात समावेश आहे. बेंगळुरू, म्हैसूर, चंडीगड, कोलकाता, इंफाळ अशी त्याची केंद्रे आहेत. महाराष्ट्रात केंद्र नाही. निम्हान्सनेच २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील बारा राज्यांतही महाराष्ट्र नव्हता. दर दहा प्रौढांमागे एकाला मानसिक आजार आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांविना, हे त्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष महाराष्ट्रात वारंवार उद्‍धृत होतात. ते इतर राज्यांचे आहेत. दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या. त्यांची संख्या २२ हजार ७४६ होती. विद्यार्थ्यांच्या १३ हजार ४४ आत्महत्यांपैकी १ हजार ७६४ राज्यातील होत्या, तोही देशातील सर्वोच्च आकडा. प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक आजार असतोच असे नाही. तरी ज्या राज्यात हे आकडे सर्वांत मोठे, त्याच राज्यातील तरुणांचा असा अभ्यास नसावा, ही उणीव डोळ्यांत भरते.

घरात सांगायचे काय?

घरातील आजार लपवण्याची सर्वांत मोठी किंमत वेळेच्या रूपात मोजावी लागते. छिन्नमनस्कतेत पहिला झटका आणि पहिला उपचार यांत जितके महिने जातात, तितके पुढचे बरे होणे अवघड होत जाते. हे महिने देवऋषी, ‘बाहेरचे काही’ आणि ‘लग्न केले की सुधारेल’ यांत खर्ची पडतात. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. ‘देवराई’ (२००४) या सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटामागेही तेच होते. आजार उघडपणे बोलल्याने त्या घराण्याची नाचक्की झाली नाही; असंख्य घरांना बोलायला शब्द मिळाले.

मनोविकारतज्ज्ञांना घराण्याचा इतिहास हवा असतो तो दोष ठरवण्यासाठी नव्हे. घरात बायपोलर आजार असेल, तर वरवर नैराश्य दिसणाऱ्या तरुणाला नुसते नैराश्याचे औषध देताना डॉक्टर सावध राहतात. त्यातून उन्माद उफाळू शकतो. सख्ख्या नात्यातील कोणाला एखादे औषध लागू पडले असेल, तर तेही सांगण्याजोगे असते. तीन पिढ्यांतील दीर्घ आजार, व्यसने, आत्महत्या, ‘घर सोडून गेलेले’ काका, बाळंतपणानंतर ‘वेगळी वागू लागलेली’ आत्या यांची नोंद पहिल्याच भेटीत द्यावी. ही माहिती गोपनीय ठेवणे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार बंधनकारक आहे. २०१८ पासून लागू झालेल्या याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे आवश्यक केले. कंपनीच्या गटविम्यात त्याची तरतूद कशी आहे, हे रुजू होतानाच विचारून घेता येते.

झोप आठवडाभर बिघडणे, मित्रांना टाळणे, आंघोळ-जेवणाकडे दुर्लक्ष, आपल्याविषयी कट चालल्याचा संशय, न शोभणारा उत्साह वा उधळेपणा, जगण्यात अर्थ नसल्याचे बोलणे यांपैकी काही दिसल्यास खोलीतील सहकाऱ्याने वाट पाहत बसू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते. दूरध्वनी रुग्णानेच करायला हवा असे नाही. त्याच्या वतीने शेजारच्या कॉटवरचा मित्रही करू शकतो.